पाटीवर एक नाव कमी आहे

गेल्या काही महिन्यांत एकच जोडचित्र मला चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवलं. डावीकडे १९६२ सालच्या एका अमेरिकन कॉमिकमधली चौकट, उजवीकडे अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन यांचं १९६३ सालचं ‘ड्राउनिंग गर्ल’. दोन्हींत तीच पाण्यात सापडलेली मुलगी, तसाच विचारांचा फुगा. खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द : चोर. एआयच्या यंत्राकडून चित्रं काढून घेण्यावरून सध्या जे रण पेटलंय, त्यात हे चित्र दोन्ही बाजू दगडासारखं भिरकावतायत. एक बाजू म्हणते, तुमच्या थोर कलावंतांनी तरी दुसरं काय केलं, दुसऱ्याचं ढापून नाव कमावलं. दुसरी बाजू म्हणते, असं म्हणणाऱ्यांना चित्र बघताच येत नाही. कॅनव्हासवर गेलं की सगळं बदलतं, विषय संपला. वाद चोरी की निर्मिती एवढ्याच दोन टोकांवर हिंदकळत राहतो. मला वाटतं, प्रश्नच चुकीचा विचारला जातोय.

माझं म्हणणं आधीच सांगते. ‘ड्राउनिंग गर्ल’ ही चोरी नाही. ते स्वतंत्र चित्र आहे, आणि मोठं चित्र आहे. तरीही ते मूळ कॉमिकमधली चौकट काढणाऱ्या टोनी अब्रुझो या चित्रकाराचं देणं लागतं, आणि साठ वर्षं उलटून गेली तरी ते देणं नीट फिटलेलं नाही. ही दोन विधानं एकमेकांना छेद देत नाहीत. उलट, पहिलं जितकं खरं मानाल तितकं दुसरं मान्य करणं सोपं जायला हवं. लिक्टेनस्टाइन यांनी मूळ चौकटीचं इतकं काही वेगळं केलं असेल, तर ती चौकट आणि ती काढणाऱ्याचं नाव शेजारी लावायला अडचण कसली?

आधी चित्राबद्दल, कारण ते न पाहताच बरंच बोललं जातं. मूळ चौकट डीसी कॉमिक्सच्या ‘सिक्रेट हार्ट्स’ या प्रेमकथांच्या मासिकातली, अंक ८३, नोव्हेंबर १९६२. कथेचं नाव ‘रन फॉर लव्ह!’. चित्र अब्रुझोंचं, अक्षरं आयरा श्नॅप यांची. पुढे मुलगी पाण्यात, मागे तिचा प्रियकर उलटलेल्या होडीला धरून लटकलेला. मुलगी मनात म्हणते, पायात गोळा आला तरी मला पर्वा नाही, बुडेन पण मॅलला हाक मारणार नाही. लिक्टेनस्टाइन यांनी होडी काढली, प्रियकर काढला, पायातला गोळा काढला. मॅलचा ब्रॅड केला. राहिली ती मुलगी, पाणी आणि एक छोटं वाक्य : पर्वा नाही, बुडेन, पण ब्रॅडला हाक मारणार नाही.

‘एवढंच तर केलं’ असं म्हणणाऱ्यांसाठी मी एक साधा प्रयोग करून पाहिला. त्या चौकटीची छापील प्रत जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि कोऱ्या कागदाच्या पट्ट्यांनी होडी, मुलगा, जादा शब्द झाकत गेले. वाटलं होतं, नुसतं झाकून लिक्टेनस्टाइन हाती लागतील. लागले नाहीत. हाती लागली ती गोष्टीतून कापून काढलेली एक मुलगी. तिच्याकडे पाहिलं की अजूनही मन विचारत राहतं, पुढे काय झालं, तो पोहत आला का? मग शेजारी ‘ड्राउनिंग गर्ल’ची प्रत ठेवली. इथे पुढे काहीच होणार नाही. तिचे निळे केस आणि निळं पाणी एकाच वळणाने वळतात. बट कुठे संपते आणि लाट कुठे सुरू होते हे बोटाने दाखवायला गेलं तर बोट घसरतं. फेसाची पांढरी टोकं तिच्या चेहऱ्याभोवती महिरपीसारखी उभी आहेत. डोळे मिटलेले, पापणीशी अश्रू, आणि चहूबाजूंनी एवढं पाणी असताना त्या अश्रूंकडे नजर जातेच. तिने डोकं लाटेवर असं टेकवलंय की उशीच वाटावी. बुडणारं माणूस हातपाय मारतं. ही मारत नाही. तिने दुःखाला अंथरूण केलंय.

हे साडेपाच फुटांच्या आसपासचं, जवळजवळ चौरस चित्र आहे, १७१.६ गुणिले १६९.५ सेंटिमीटर. कॉमिकच्या पानावरचा चेहरा माणसाच्या उंचीचा झाला की त्याच्याशी आपलं नातं बदलतं. त्वचेवरचे लाल ठिपके हा स्वस्त छपाईतला काटकसरीचा उपाय. एकोणिसाव्या शतकात बेंजामिन डे यांनी काढलेल्या या युक्तीत ठिपके विरळ-दाट केले की कमी शाईत गुलाबी रंगाचा भास होतो. लहान छापात डोळा हे ठिपके गिळून टाकतो. लिक्टेनस्टाइन ते इतके मोठे करतात की गालाऐवजी आधी ठिपकेच दिसतात, मग गाल, मग पुन्हा ठिपके. रडणारी मुलगी आणि रडू छापणारं यंत्र, दोन्ही एकाच वेळी समोर राहतात, आणि तरीही तिची दया येते. हे घडवून आणणं सोपं नाही. आधी लहान रेखाटन, मग ते प्रक्षेपकाने कॅनव्हासवर टाकून पेन्सिलने गिरवणं, गिरवताना रेषा हलवणं, मग छिद्रांच्या पत्र्यातून ठिपके, मग काळी बाह्यरेषा. ज्यांना ही नक्कल वाटते त्यांनी दोन्ही प्रती समोर ठेवून त्या केसांच्या रेषा नुसत्या मोजून पाहाव्यात.

आता विरुद्ध बाजूचे बळकट मुद्दे. तेही सोडायचे नाहीत.

पहिला मुद्दा लिक्टेनस्टाइन यांच्या बाजूचा आहे. ते नाव देणार तरी कुठून? त्या काळी डीसीच्या प्रेमकथांवर चित्रकाराचं नाव सहसा छापलं जात नसे. पानामागे ठरलेले पैसे मिळायचे, मूळ पान कंपनीकडे राहायचं, हक्कही कंपनीचेच. हे सर्वस्वी खरं आहे. त्याला जोडून दुसरी गोष्टही खरी आहे : कॉमिक काढणारे एकमेकांच्या चौकटी सर्रास उचलत. मासिकांतून कापलेल्या चेहऱ्यांची, उभं राहण्याच्या ढबींची कात्रणं जपायची आणि मुदत डोक्यावर आली की त्यातलं एक वापरायचं, ही त्या धंद्यातली रोजची रीत होती. आठवड्याला पानांचा रतीब घालणाऱ्या माणसाला प्रत्येक रडणारी मुलगी नव्याने कशी सुचणार?

तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड, आणि ‘चोर’ म्हणणारे त्याकडे बघतच नाहीत. समजा, तेव्हा खटला झाला असता आणि लिक्टेनस्टाइन हरले असते. पैसे कुणाला मिळाले असते? अब्रुझोंना एक डॉलरही नाही. मिळाले असते कंपनीला. या धंद्याने आपल्याच माणसांना कसं वागवलं ते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांना विचारायला हवं होतं. १९३८ मध्ये १३० डॉलरला सुपरमॅनचे हक्क देऊन बसलेले हे दोघे पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले, आणि १९७५ मध्ये, त्यांच्या हलाखीची जाहीर चर्चा झाल्यावर, कुठे त्यांना पेन्शन आणि ‘निर्माते’ म्हणून नाव मिळालं. म्हणजे अब्रुझोंचं नाव पहिल्यांदा पुसलं ते लिक्टेनस्टाइन यांनी नव्हे. ते पुसलेलंच त्यांच्या हाती आलं. चोरीचा आरडाओरडा करताना आपण नकळत खऱ्या पुसणाऱ्याला मालक म्हणून मिरवू देतो.

हे सगळं मान्य केल्यावर लिक्टेनस्टाइन यांचे चाहते म्हणतात, झालं तर मग. नाही, झालं नाही. १९६३ मध्ये नाव माहीत नसणं हे कारण होतं. आज ते कारण उरलेलं नाही. डेव्हिड बार्सालू यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं जुनी कॉमिक चाळून एकेका कॅनव्हासची मूळ चौकट हुडकून काढली आहे. कॉमिकच्या अभ्यासकांनी रेषेच्या वळणावरून आणि अक्षरांच्या ढबीवरून चित्रकार आणि अक्षरलेखक ओळखले आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे हे चित्र १९७१ पासून आहे. त्यांनी या चित्राचा जो परिचय छापला आहे, त्यात मूळ कथेचं नाव येतं, मासिकाचं येतं, अंकाचा क्रमांक येतो, प्रकाशकाचं नाव येतं. एवढा तपशील देताना चौकट काढणारा माणूस तेवढा गळतो. माहितीच नसती तर गोष्ट वेगळी. इथे कंपनी नाव देण्याजोगी ठरली आणि हात ठरला नाही.

याच चित्राबाबत घडलेली दुसरी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. त्या लाटेत जपानी चित्रकार होकुसाई यांची लाट दिसते, हे लिक्टेनस्टाइन यांनी स्वतः सांगितलं आहे. मूळ कॉमिकमध्ये ती चाहूल पुसट होती, आपण ती लोकांना ओळखू येईल इतकी पुढे ढकलली, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून ‘ड्राउनिंग गर्ल’वर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण होकुसाईंचं नाव घेतो. १८३१ च्या सुमाराची ती लाट, फुजी पर्वत, निळी शाई, सगळं येतं. आता विचार करा. लिक्टेनस्टाइन ब्रश हातात घेऊन बसले तेव्हा समोर होकुसाईंचा छाप होता की ‘सिक्रेट हार्ट्स’चं पान? लांबच्या आजोबांचं नाव कुळात लिहायचं आणि सख्ख्या बापाचं वगळायचं, हा कुठला न्याय? कारण उघड आहे. होकुसाईंचं नाव घेतल्याने चित्राची उंची वाढते आणि अब्रुझोंचं घेतल्याने ती कमी होते, अशी कुणाची तरी समजूत आहे. ही समजूतच माझ्या भांडणाचा विषय आहे.

यावर कुणी विचारेल, मग होकुसाईंच्या लाटेचे लाकडी ठसे कोरणाऱ्या कारागिरांचं काय? रास्त प्रश्न. त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत, आणि त्याचं वाईट वाटायला हवं. पण हरवलेल्या नावांचा दाखला देऊन सापडलेलं नाव झाकायचं, हे काही उत्तर झालं नाही.

पाचशे वर्षांपूर्वी युरोपात हाच तंटा झाला होता. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या छापचित्रांच्या नकला मार्कान्तोनियो राइमोंदी हा इटालियन कोरक व्हेनिसमध्ये करायचा, खाली ड्यूररची सहीची खूणही कोरायचा. ड्यूररने तक्रार केली. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने लिहून ठेवलंय त्याप्रमाणे निवाडा असा झाला की चित्रं कर, पण ती खूण वापरू नकोस. आपल्याला हा निवाडा अपुरा वाटेल. पण त्यातली जाण पाहा : प्रतिमा आणि नाव हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि एक माफ झाला म्हणून दुसरा माफ होत नाही. गंमत अशी की याच राइमोंदीने राफाएलच्या रेखाटनावरून ‘पॅरिसचा निवाडा’ कोरला तेव्हा त्यावर लिहिलं की कल्पना राफाएलची, आणि कोपऱ्यात स्वतःची खूण घातली. दोन हात, दोन नावं. साडेतीनशे वर्षांनी, १८६३ मध्ये, फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांनी त्याच छापाच्या कोपऱ्यातल्या तीन आकृती उचलून पॅरिसला हादरवणारं चित्र केलं. आज माने यांच्यावर लिहिताना कुणी राइमोंदीचं नाव लपवत नाही, आणि ते सांगितल्याने माने यांचं रेसभरही नुकसान झालेलं नाही.

आपल्याला तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. ज्ञानेश्वरीहून मोठं रूपांतर मराठीत कुठलं दाखवाल? गीतेचे सातशे श्लोक घेऊन नऊ हजारांवर ओव्या. तिथे ज्ञानदेव काय म्हणतात? व्यासांचा मागोवा घेत, ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ मी चाललो आहे. कुणामागून चाललो ते सांगताना त्यांना कुठे कमीपणा वाटला? आणि परंपरेने शेवटी म्हटल्या जाणाऱ्या ओवीत टीका ज्ञानेश्वरांनी केली हे सांगून लगेच येतं की सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले. ज्याने नुसतं उतरवून घेतलं त्याचंही नाव.

आता पॉप आर्टच्या, म्हणजे जाहिराती, कॉमिक अशा रोजच्या छापील प्रतिमांवरून केलेल्या कलेच्या, अभ्यासकांचा आक्षेप, जो मला खरोखर विचार करायला लावतो. ते म्हणतात, या चित्राचा अर्थच अनामिकतेत आहे. कुणीही न काढलेली, यंत्राने ओकलेली, लाखांनी छापलेली प्रतिमा उचलणं हाच तर मुद्दा होता. संग्रहालयातल्या पाटीवर मूळ चित्रकाराचं नाव लावलंत की तो धक्का विरतो. यात तथ्य आहे. १९६०च्या दशकात हे चित्र पाहणाऱ्याला जे जाणवलं असेल ते बहुधा हेच की हा चेहरा कुणाचाच नाही. पण तो खरंच कुणाचाच नव्हता का? टेबलाशी बसून, शाईत ब्रश बुडवून, एका माणसाने तो काढला होता. दुसऱ्या माणसाने फुग्यातली अक्षरं एकेक करून हाताने लिहिली होती. यंत्राने फक्त छापलं. अनामिकता हा त्या प्रतिमेचा स्वभाव नव्हता, तो तिच्यावर लादलेला करार होता. पॉप आर्टमधलाच दुसरा मोठा कलावंत अँडी वॉरहॉल, त्याने १९६४ मध्ये ब्रिलो या साबणाच्या खोक्यांवरून केलेल्या खोक्यांचंही तसंच. साबणाच्या खोक्याला कोण कर्ता असणार, असं वाटतं ना? ते खोकं रेखाटलं होतं जेम्स हार्वी यांनी, जे स्वतः अमूर्त शैलीचे चित्रकार होते आणि पोटासाठी वेष्टनं करत होते. हे कळल्यावर वॉरहॉलचं काम फिकं पडलं का? मला तरी ते जास्त खोल वाटू लागलं.

प्रेमकथांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी १९४७ मध्ये ‘यंग रोमान्स’ काढलं आणि पाठोपाठ अशा मासिकांचा पूर आला. वाचणाऱ्या बहुतेक मुली आणि तरुण बाया. लिहिणारे-काढणारे बहुतेक पुरुष. १९५४ मध्ये कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली, आला आणि या कथांतलं उरलंसुरलं धाडसही गेलं. शिल्लक राहिले अश्रू, गैरसमज आणि शेवटच्या पानावरचं लग्न. लिक्टेनस्टाइन यांनी होडी आणि मुलगा काढून टाकून या साच्यावरच बोट ठेवलं, म्हणूनही मला हे चित्र मोलाचं वाटतं. पण मुली वाचतात ते हलकं, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. लढाईच्या कॉमिकवरून केलेल्या ‘व्हाम!’बद्दल मूळ चित्रकार अर्व्ह नोविक यांचं नाव निदान वादात तरी येतं. रडणाऱ्या मुली काढणाऱ्या अब्रुझोंचं नाव घेऊन भांडायला फारसं कुणी येत नाही.

पैशाचं काय? लिक्टेनस्टाइन यांचं ‘नर्स’ २०१५ मध्ये ९ कोटी ५४ लाख डॉलरला गेलं, आणि ‘मास्टरपीस’ २०१७ च्या सुमाराला खाजगी व्यवहारात १६ कोटी ५० लाखांना. त्यातले १० कोटी विकणाऱ्या ॲग्नेस गुंड यांनी तुरुंगव्यवस्थेच्या सुधारणेसाठी दिले, हेही नोंदवायला हवं. मूळ कॉमिकवाल्यांना यातून काही मिळालं नाही, आणि कायद्याने मिळण्याची वाटही नव्हती. या बाबतीत मी सरसकट नियम सांगणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने ७ विरुद्ध २ असा जो निकाल दिला तोही मर्यादित प्रश्नावर होता. छायाचित्रकार असलेल्या गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या प्रिन्स या गायकाच्या फोटोवरून १९८४ मध्ये वॉरहॉलने मासिकासाठी चित्र केलं तेव्हा त्यांना ४०० डॉलर मिळाले आणि नावही छापलं गेलं. २०१६ मध्ये वॉरहॉल यांच्या संस्थेने त्याच मालिकेतलं दुसरं चित्र १० हजार डॉलर घेऊन छापायला दिलं, तेव्हा गोल्डस्मिथ यांना ना पैसे, ना नाव. पैशाचा हिशेब न्यायालयात गुंतागुंतीचा होतो. नाव लिहायला न्यायालय लागत नाही.

आपल्याकडे बोट वळवायचं तर एकच विचारते. ‘टिंकल’मधला सुपंडी डोळ्यांसमोर आणा. ते टोकदार डोकं, ते भाबडं हसू लगेच आलं ना? आता तो पहिल्यांदा काढणाऱ्याचं नाव सांगा. राम वाईरकर. अमर चित्रकथेतला कृष्णही त्यांच्याच हातचा. आपल्यातल्या किती जणांच्या ओठांवर हे नाव आलं?

मला न्यूयॉर्कच्या त्या भिंतीवर जे पाहायचंय ते फार नाही. पाटीवर लिक्टेनस्टाइन यांचं नाव आहे तसंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. त्याखाली आणखी एक ओळ : ‘टोनी अब्रुझो यांच्या चित्रावरून; मूळ अक्षरलेखन आयरा श्नॅप’. आणि चार पावलांवर, काचेखाली, ‘सिक्रेट हार्ट्स’चा अंक ८३, ते पान उघडून ठेवलेला. तेव्हा तो १२ सेंटला मिळत होता. बघणाऱ्याने आधी एकाकडे पाहावं, मग दुसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे यावं, आणि होडीला लटकलेला तो मुलगा कुठे गेला हे स्वतः शोधावं.